लडलो: आईचा बाजार आणि बाबांचा क्लाइव्ह

इंग्लंडमध्ये आईबाबा येणार म्हटलं की त्यांना कुठे कुठे न्यायचं हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मे महिना लागला की सुरू होतो, आणि उत्तरं पण ठरलेली असतात, लंडन, बाथ, स्टोनहेंज, कॉट्सवोल्ड्स, लेक डिस्ट्रिक्ट, बास. कॉट्सवोल्ड्स सुंदर आहेच, नाही कोण म्हणतंय, पण शनिवारी तिथे गेलात तर अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात आणि उरलेला अर्धा दिवस दुसऱ्यांच्या फोटोतून बाजूला होण्यात जातो. तुम्ही बर्मिंगहॅमच्या आसपास राहत असाल तर माझं ऐका, लडलोला जा. श्रॉपशरमध्ये, वेल्सच्या सीमेला अगदी खेटून. वस्ती दहा-अकरा हजार, आणि जुन्या म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या, म्हणजे मनात आलं म्हणून पाडता येणार नाहीत अशा इमारती पाचशेच्या घरात!

आम्ही गेलो ते मी, नवरा आणि माझे आईबाबा. बाबा देवगड तालुक्यातले, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, त्यामुळे कुठल्याही किल्ल्यावर गेलं की गाइड ते आणि विद्यार्थी आम्ही. आईला किल्ल्यांचं काही पडलेलं नाही, तिला बाजार पाहिजे. लडलोला बाजार किल्ल्याच्या दारातच भरतो, सो दोघंही खूश.

बर्मिंगहॅमहून आम्ही किडरमिन्स्टरवरून, मग क्लिओबरी मॉर्टिमर नावाच्या गावातून, क्ली हिलवरून गेलो. हाच रस्ता घ्या, मेन रोडपेक्षा थोडा वळणावळणाचा आहे पण चालेल. क्ली हिलवर चढलं की झाडं संपतात आणि एकदम उघडा माळ लागतो, मेंढ्या मोकळ्या सुटलेल्या, रस्त्याच्या मधोमध बसलेल्या, हॉर्न वाजवला तरी तुमच्याकडे बघून परत रवंथ सुरू. इथून काळा कठीण दगड निघायचा, त्याला इथले लोक धूस्टोन म्हणतात, रस्ते बांधायला तो दूरदूर जायचा, आणि त्याच्या आधी कोळसा पण निघत होता. आता खाणीच्या इमारती मोडून पडल्यात आणि टिटरस्टोन क्लीच्या माथ्यावर रडारचा पांढरा मोठा चेंडू बसवलाय. उंची म्हणाल तर ५३३ मीटर, आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच, बाबा म्हणालेच लगेच, "ह्याला डोंगर म्हणतात होय." पण आजूबाजूला सगळं इतकं सपाट आणि हिरवं आहे ना की वरून पार वेल्सचे डोंगर दिसतात, आणि खाली नदीच्या वळणात एक चर्चचा उंच मनोरा. तेच लडलो.

गावात शिरल्यावर आधी बाजार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असा आठवड्यातून चार दिवस बाजार भरतो, कासल स्क्वेअर नावाच्या मोकळ्या चौकात. चौक मोकळा आहे कारण मधोमध टाउन हॉल होता तो १९८६ मध्ये पाडला, त्यावरून गावात बरीच भांडणं झाली म्हणतात, पण आज तिथे रंगीत पट्ट्यांचे मांडव बघितले की मला तरी बरंच झालं असं वाटतं. अशा गावांना इंग्लंडमध्ये मार्केट टाउन म्हणतात, बाजार भरवायचा हक्क मिळालेलं गाव. आणि हा हक्क म्हणजे नुसता मान नव्हता, मध्ययुगात मनाला येईल तिथे बाजार भरवता यायचा नाही, राजाची परवानगी लागायची, आणि ज्याचा बाजार त्याला जागेचं भाडं आणि कर. म्हणून किल्ला आणि बाजार असे चिकटून. नॉर्मन सरदार (फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकलेले) आधी गढी बांधायचे आणि मग तिच्या दारात गाव वसवायचे, प्लॉट पाडून, सरळ रस्ते आखून. लडलोचे जुने रस्ते अजून त्याच आखणीवर आहेत, बाबा म्हणाले की टाउन प्लॅनिंग आहे हे चांगलं नऊशे वर्षांपूर्वीचं.

आईने पूर्ण चौक दोनदा फिरून काढला. स्ट्रॉबेरी, जर्दाळू, गुसबेरी (ही आंबट बघून तिला लगेच लोणचं सुचलं), फुलझाडांची रोपं, लोकर, जुने काटे-चमचे, मध, ब्रेड, आणि चीजचा एक मोठा स्टॉल. तिथे श्रॉपशर ब्लू नावाचं केशरी चीज होतं निळ्या शिरांचं, मी हौसेने म्हटलं इथलं लोकल घेऊया, तर नवरा म्हणाला ते श्रॉपशरचं नाहीच मुळी. खरंच नाहीये! १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला बनवायला लागले, नाव फक्त श्रॉपशरचं, आणि आता बनतं ते नॉटिंगहॅमशर आणि लेस्टरशरकडे. तरी घेतलं. चव छान आहे, बाबांनी वास घेऊनच नकार दिला ती गोष्ट वेगळी. खरं इथलं काय तर फिजेट पाय, डुकराचं मांस, सफरचंद आणि कांदा घातलेला, तो आमच्यात नवऱ्यानेच खाल्ला. खाण्याच्या बाबतीत हे गाव जरा जास्तच मनावर घेतं, १९९५ पासून किल्ल्यात फूड फेस्टिव्हल भरतो, आणि २००० च्या सुमाराला एवढ्याशा गावात मिशेलिन स्टार मिळालेली तीन रेस्टॉरंट होती. आईचं मत, स्ट्रॉबेरी चांगली, भाव जास्त, आणि भाजीवाला हात लावू देत नाही म्हणजे काय.

बाजारात मापात मारणाऱ्यांचं काय करायचे ते बघायचं असेल तर सेंट लॉरेन्स चर्चमध्ये जा, चौकापासून दोन मिनिटांवर आहे, बोळातून. आत क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या जागेत, लाकडी खुर्च्या आहेत घडीच्या, बैठक वर उचलली की खाली कोरीवकाम दिसतं. प्रार्थना तासन्‌तास उभ्याने चालायची म्हणून बैठक उचललेली असली तरी टेकता यावं असा तो छोटा कठडा असतो आणि सुतारांनी त्याच्या खाली वाट्टेल ते कोरून ठेवलंय, देव कमी आणि गावातले लोक जास्त. त्यात एक बिअर विकणारी बाई आहे, खोटं माप वापरणारी, तिला सैतान पाठुंगळीला टाकून नरकाच्या तोंडाकडे घेऊन चाललाय आणि खोट्या मापाचा चंबू अजून तिच्या हातातच! आईला हे सगळ्यात आवडलं, म्हणाली आमच्या इथे पण एक दोघांसाठी असं कोरून ठेवायला हवं, नावं घेतली तिने, मी इथे लिहीत नाही. मनोऱ्यावर चढता येतं, दोनशेच्या आसपास पायऱ्या, गोल आणि अरुंद, गुडघे दुखत असतील तर नको.

एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला, तर लोकर. ह्या सगळ्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर इथल्या बाजारात यायची, व्यापारी ती लंडनला आणि समुद्रापलीकडे फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमच्या बाजूला) पाठवायचे, आणि मग पुण्य पदरात पडावं म्हणून चर्चला खिडक्या, छत, मनोरा असं काही ना काही दान करायचे. ह्या व्यापाऱ्यांपैकी एक, लॉरेन्स ऑफ लडलो, त्याच्याकडे आपण नंतर येऊ कारण त्याचं घर अजून उभं आहे.

आता किल्ला. अकराव्या शतकाच्या शेवटी डी लेसी घराण्याने बांधायला घेतला, वेल्सच्या लोकांना धाकात ठेवायला. तिकीट काढून आत गेलं की बाहेरचं मोठं पटांगण, मग सुका खंदक, त्यावरून पूल आणि आतला भाग. आत एक गोल चॅपल आहे बाराव्या शतकातलं, छप्पर गेलंय, नुसती गोल भिंत आणि दारावरची नक्षी, मला सगळ्यात तेच आवडलं. बाकी भिंती पूर्ण उंचीच्या, खिडक्या, शेकोट्यांच्या जागा, तिसऱ्या मजल्यावर हवेत लटकलेली शेकोटी कारण जमीन कधीच कुजून गेली.

इथे दोन राजपुत्रांच्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वाईट. पहिली गोष्ट एडवर्डची, बारा वर्षांचा, इथेच वाढत होता, १४८३ च्या एप्रिलमध्ये बाप वारला आणि हा राजा झाला, लंडनला निघाला, वाटेत काकाने ताब्यात घेतलं, टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवलं, मागाहून धाकट्या भावालाही, आणि काही महिन्यांत दोन्ही मुलं दिसेनाशी झाली आणि काका रिचर्ड तिसरा म्हणून गादीवर. बाबा भिंतीला टेकून म्हणाले, "म्हणजे यांच्याकडे पण राघोबादादा होते." फरक एवढाच की नारायणरावाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, ह्या मुलांचं नक्की काय झालं ह्यावर इंग्रज अजून भांडतायत.

दुसरी गोष्ट आर्थरची, राजा सातव्या हेन्रीचा मोठा मुलगा. नोव्हेंबर १५०१ मध्ये त्याचं लग्न स्पेनच्या कॅथरीनशी झालं, तो पंधरा वर्षांचा, ती पंधरा-सोळाची, नवं जोडपं इथे लडलोला राहायला आलं, ऐन थंडीत, आणि २ एप्रिल १५०२ ला आर्थर इथेच कसल्याशा तापाने गेला. कॅथरीन पण आजारी होती, ती वाचली. तिचं पुढे धाकट्या दिराशी लग्न लावलं, तोच आठवा हेन्री. मुलगा होईना म्हणून वीसेक वर्षांनी हेन्रीला सोडचिठ्ठी हवी झाली आणि त्याने मुद्दा काढला की ही तर माझ्या भावाची बायको, मुळात हे लग्नच चूक. मग लडलोच्या त्या थोड्या महिन्यांत नवराबायकोत नक्की काय झालं होतं ह्यावर कोर्टात साक्षी! कॅथरीन शेवटपर्यंत म्हणत राहिली की काहीही झालं नव्हतं. पोप काही ऐकेना, तेव्हा हेन्रीने इंग्लंडचं चर्च रोमपासून तोडून स्वतःच्या हाताखाली घेतलं. अर्थात पोपशी तोडण्यामागे पैसा, जमिनी, राजकारण सगळं होतं, पण वादाचं मूळ ह्याच छप्पर नसलेल्या खोल्यांत आहे. आई म्हणाली, "पंधरा वर्षांचं पोर ते, त्याला धड पांघरूण तरी होतं का ह्या दगडांत?" आमच्यात तेवढा एकच प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

मग वेल्सचा कारभार बघायला जे मंडळ होतं त्याचं मुख्यालय इथे होतं, कोर्टकचेऱ्या, वकील, अशील, सरायी, गावाची चंगळ. १६८९ ला ते मंडळच बरखास्त केलं. संपलं. किल्ल्याच्या छपरावरचं शिसं निघालं, लाकूड गेलं, पाऊस आत. आणि गंमत म्हणजे लडलो आज इतकं देखणं आहे ते बऱ्याच अंशी ह्या पडझडीमुळे, कारण नंतर इथे कुणाला फार घाई नव्हती, मोठा कारखाना आला नाही, हातमोजे शिवायचा धंदा थोडे दिवस चालला आणि बसला, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच कुणाकडे नव्हता. ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहून बघा, बटरक्रॉस नावाच्या जुन्या इमारतीच्या घड्याळापासून खाली ब्रॉड गेटपर्यंत उतरता रस्ता, दोन्ही बाजूला अठराव्या शतकातली विटांची टापटीप घरं, पण बाजूच्या बोळात शिरून तीच घरं कडेने बघितली की मागे वाकड्या लाकडी तुळया दिसतात. पैसे पुरले तेवढा दर्शनी भाग नवा केला, मागचं आहे तसं. ब्रॉड गेट म्हणजे गावाच्या सात वेशींपैकी टिकलेली एकच, तिच्या डोक्यावरच घर बांधून लोक राहतात.

तर किल्ल्याचं पुढे काय झालं हे बाबा माहितीच्या पाटीवर वाचत होते आणि तिथे आलं की १८११ मध्ये अर्ल ऑफ पोविसने हा सरकारकडून विकत घेतला आणि अजून त्याच घराण्याकडे आहे. बाबांना चैन पडेना, कोण हा पोविस? नवऱ्याने फोनवर शोधलं आणि मग आमचा सगळा दिवसच बदलला, कारण तो निघाला एडवर्ड क्लाइव्ह. रॉबर्ट क्लाइव्हचा थोरला मुलगा, मद्रासचा गव्हर्नर होता १७९८ ते १८०३, म्हणजे टिपू पडला तेव्हा तोच मद्रासला. बायको हर्बर्ट घराण्यातली, तिचा भाऊ जुना अर्ल ऑफ पोविस, तो बिनलग्नाचा वारला, आणि १८०४ ला ती पदवी नव्याने ह्या क्लाइव्हला मिळाली. वेल्समध्ये वेल्शपूलला त्यांचा पोविस कासल आहे, तिथे टिपूचा तंबू आणि सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं तोंड ठेवलंय.

रॉबर्ट क्लाइव्ह मुळात ह्याच श्रॉपशरचा, मार्केट ड्रेटनजवळ १७२५ साली जन्मलेला, श्रूसबरीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. शाळेत आपल्याला तो प्लासीला भेटतो, १७५७. पण देवगडच्या माणसाला तो एक वर्ष आधी भेटतो. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग, इंग्रजांच्या कागदांत घेरिया. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि जमिनीवर उतरलेल्या फौजेचा प्रमुख कर्नल क्लाइव्ह. तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार खाडीत जळालं. लहानपणी दर मे महिन्यात आजोळी गेलो की बाबा आम्हाला विजयदुर्गला न्यायचे आणि त्याच बुरुजावर उभं राहून ही गोष्ट सांगायचे, आणि आता तेच बाबा लडलोच्या किल्ल्यात उभे राहून नवऱ्याला, जो नागपूरचा आहे आणि ज्याचा समुद्राशी संबंध नाही, तीच गोष्ट सांगत होते, तितक्याच मोठ्या आवाजात, दोन म्हाताऱ्या इंग्रज बायका थांबून बघायला लागल्या.

मला लगेच एखादा झणझणीत स्टेटस टाकावासा वाटला की बघा आमच्या विजयदुर्गच्या लुटीतून हे किल्ले घेतले. पण तसं म्हणता येत नाही. क्लाइव्हची खरी संपत्ती बंगालची, वर्षाला सुमारे २७ हजार पौंड उत्पन्नाची जहागीर एकट्याला, आणि पोविसच्या जमिनी तर सुनेच्या माहेरच्या. शिवाय बाबा स्वतःच म्हणाले की दुसरी बाजू पण सांग, इंग्रजांना आंग्र्यांवर आणलं कुणी, तर आपल्याच नानासाहेब पेशव्यांनी. तुळाजी ऐकत नव्हता म्हणून. आणि इंग्रजांनी काय केलं, मुंबईहून निघायच्या आधीच लुटीची वाटणी आपसात ठरवून टाकली, त्यात मराठ्यांचा वाटा शून्य. बाबांना राग क्लाइव्हचा येतोच पण आवाज चढतो तो पेशव्यांच्या नावावर, मी हे लहानपणापासून बघतेय.

संध्याकाळी गावाबाहेर तीनेक मैलांवर ब्रॉमफील्डला गेलो, तिथे फार्म शॉप आहे मोठं, आणि शेजारीच एक खायची-राहायची जागा, नाव काय तर क्लाइव्ह. ह्या भागातली ओकली पार्कची इस्टेट पण रॉबर्ट क्लाइव्हने घेतलेली. बाबा आत यायला तयार नाहीत. आई म्हणाली, "अहो चहा त्याने नाही केलाय," पण नाहीच, शेवटी चहा फार्म शॉपमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिनम ब्रिजवरून टीम नदी ओलांडून व्हिटक्लिफवर गेलो. ही गावाची सार्वजनिक जमीन, झाडीतून वर चढलं की समोर नदी, किल्ला, चर्चचा मनोरा आणि मागे क्ली हिल असं सगळं एका फ्रेममध्ये, लडलोचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो इथूनच काढतात. पायाखालचा दगड बघा मात्र. साधारण बेचाळीस कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग उथळ उबदार समुद्राखाली होता, तोही विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आणि दगडात शिंपले अजून दिसतात. मर्चिसन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात ह्याच थरांचा अभ्यास केला, त्यामुळे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडालाच जगभर लडलो म्हणतात, चीनमध्ये तो दगड सापडला तरी लडलोच! हातोडी मारून तोडायला बंदी आहे, सांगून ठेवते, मुलं घेऊन गेलात तर.

तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर स्टोकसे कासल. मघाशी म्हटलं तो लॉरेन्स, लोकरीचा व्यापारी, त्याने ही जागा १२८१ ला घेतली आणि १२९१ ला राजाकडून तटबंदी करायची परवानगी मिळवली. राजाला उधार पैसे देणारा माणूस, परवानगी कोण नाकारणार. पण हा किल्ला नुसता दाखवायला आहे, बुरूज आहे, दंतुर तट आहे, आणि हॉलला मोठ्ठ्या खिडक्या, कुणीही दगड मारून आत येईल अशा. सरदारांसारखं घर हवं होतं पठ्ठ्याला. हॉलमध्ये धुराडं नाही, मधोमध जमिनीवर शेकोटी आणि वर सातशे वर्षांच्या काळ्या तुळया. पुढच्या दारावरचं पिवळं, नक्षीच्या लाकडाचं घर सतराव्या शतकातलं, फोटोत तेच भाव खाऊन जातं. लॉरेन्सला हे घर फार भोगता आलं नाही, १२९४ मध्ये लोकर घेऊन चाललेलं जहाज बुडालं त्यात तो गेला. लोकरीवर जबर कर बसवायला त्याने राजाला साथ दिली होती, त्यामुळे मठातल्या एका बखरकाराने लिहून ठेवलंय की लोकरवाल्यांचं वाईट केलं आणि लोकरीच्याच जहाजात बुडाला. आईला परत ती मापात मारणारी बाई आठवली.

जायचं असेल तर, मंगळवारी आणि गुरुवारी नेहमीचा बाजार नसतो, ते दिवस टाळा. ट्रेनने पण जाता येतं, श्रूसबरी ते हेरफर्डच्या लाइनवर लडलो स्टेशन आहे आणि तिथून किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटं, चढ आहे थोडा. स्टोकसेला मात्र गाडी बरी, किंवा पुढच्या क्रेव्हन आर्म्स स्टेशनवर उतरून मैलभर चाला. बूट चांगले घाला, गवत जूनमध्येही ओलं असतं. पोविस कासल आम्ही ह्या वेळी केला नाही, बाबा म्हणाले एका ट्रिपमध्ये एवढा क्लाइव्ह पुरे.